हत्तिणीची शेवटची फेरी

घरात महालक्ष्म्यांना बसायला जागा उरली नाही, हे वाक्य धुरपताबाई कैक वर्षं दर भादव्यात म्हणत आल्या होत्या. कुणी मनावर घेत नव्हतं, म्हणून तर त्या बिनघोर म्हणत होत्या. या वर्षी धाकट्या लेकानं, हरिओमनं, ते मनावर घेतलं आणि पंचाईत झाली.

जागा अडवली होती ती त्यांच्या नवऱ्याच्या, किशनरावांच्या, मशिनींनी. बैठकीच्या आतली मोठी खोली, जिथं दुसऱ्याच्या घरी धान्याची पोती रचली असती, तिथं धूळ ओढणाऱ्या सात जुन्या मशिनी ओळीनं मांडलेल्या होत्या. सगळ्या किशनरावांच्या बरोबरीच्या वयाच्या, एकदोन तर त्यांच्याहून थोरल्या. व्हॅक्यूम क्लीनर हा शब्द चुडाव्यात कुणाच्या जिभेवर बसला नाही. गाव त्यांना ‘उलटी फुंकणी’ म्हणायचं. फुंकणी वारा बाहेर घालते, ही आत घेते, एवढाच काय तो फरक.

पहिली उलटी फुंकणी किशनरावांनी आणली ती लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी. हैदराबादला गेले होते सरकीचा सौदा करायला, आणि गुरुवारच्या जुन्या बाजारात कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून निघालेली ही वस्तू बघून पाघळले. पॅसेंजर गाडीत मांडीवर घेऊन बसले आणि चुडाव्याच्या स्टेशनावर लेकराला उतरवावं तशी तिला उतरवली. नवी नवरी दारात उभी, पाटल्या नाही तर गेलाबाजार काकणं तरी आणली असतील म्हणून. आली ती ही. लांबट अंगाची, पोटाखाली चकचकीत पट्ट्या लावून घसरणारी, पुढं कापडी सोंड. “सवत आणली का काय?” असं धुरपताबाई त्या दिवशी जे म्हणाल्या, ते घरात कायमचं झालं. एकीच्या सात झाल्या. बैलांना ठेवावी तशी किशनरावांनी त्यांना नावं ठेवली. पहिली ती हत्तीण. कपाळावर दिवा आणि पाठीला पिशवी असलेली उभी मशीन काळी. पाणी तापवायच्या बंबासारखी दिसणारी ती बंब. ती अमेरिकेची असल्यामुळं तिला आपली वीज झेपत नव्हती, म्हणून तिच्यासाठी वीज कमी करणारा वेगळा डबा. आणि एक गोल गरगरीत, जी स्वतःच सोडलेल्या वाऱ्यावर जमिनीपासून बोटभर वर तरंगायची, तो चांदोबा. उरलेल्या तिघी दिसायला सारख्याच, म्हणून त्यांना नुसतं ‘जावा’ म्हणत.

सगळ्या चालू होत्या, हीच किशनरावांची ऐट. आतल्या मोटारीचे कार्बन झिजले की मोठ्या ग्राइंडरचे कार्बन कानशीनं घासून बसवायचे. पट्टा तुटला की ट्रॅक्टरच्या ट्यूबचा कापायचा. पिशव्या मात्र धुरपताबाई शिवायच्या, स्वतःची जुनी लुगडी फाडून, शिवणयंत्रावर दुहेरी टीप मारून. “सवतीची झबली शिवायलेय,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत शिवायच्या, पण टीप कधी उसवली नाही. त्या पिशव्या पोटात घालून हत्तिणीनं आणि काळीनं मारुतीचा सभामंडप, स्टेशनमास्तरची खुर्ची, भजनी मंडळाची पेटी, काय काय साफ केलं होतं.

मग पोळ्याच्या आदल्या आठवड्यात काळीनं किशनरावांना झटका दिला. वायर कुठंतरी उघडी पडलेली, हात लागला, आणि म्हातारा भिंतीला जाऊन आदळला. थोरला महारुद्र समोर होता म्हणून खटका बंद झाला. नुसतं दंडावर काळंनिळं उठून भागलं, पण महारुद्रानं त्या रात्री जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याला हरिओमला फोन गेला. हरिओमला हैदराबादचा एक माणूस सापडला, नवं हॉटेल काढत होता, भिंतीला शोभेसाठी जुन्या वस्तू हव्या होत्या. सातही घेतो म्हणाला. महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी त्याचा टेम्पो येणार होता.

“माय, तू काय म्हणतीस?” पोरांनी विचारलं होतं.

“घिऊन जा,” धुरपताबाई म्हणाल्या होत्या. भिंतीला आदळलेला नवरा डोळ्यांपुढून हलत नव्हता, दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून किशनराव शहाणे झाले होते. वाढाल ते खायचे. मीठ कमी म्हणायचे नाहीत, जास्त म्हणायचे नाहीत. चिडले असते, ताट लोटलं असतं, तर धुरपताबाईंना बरं वाटलं असतं. हे शहाणपण त्यांना पाहवत नव्हतं.

महालक्ष्म्या बसवायच्या दिवशी सकाळपासून खोली मोकळी करायचं काम चाललं. हरिओमनं पुण्याहून खोके आणले होते. किशनराव एकेक सोंड जुन्या गोधडीत गुंडाळून देत होते.

“दादा, नीट ठेवतील ते लोक,” हरिओम बापाला म्हणाला. “भिंतीवर मांडणार, वर दिवे लावणार. येणारा-जाणारा बघेल.”

“चालू ठिवतील का?”

“शोभेला आहेत त्या, दादा. चालवतील कशाला?”

“म्हंजी जित्या मशिनीला खिळे ठोकणार म्हण की.” किशनरावांनी गोधडीची गाठ मारली. “ठोकू दे. त्येंचं हाटेल हाय.”

महारुद्र बंब उचलून बाहेर नेत होता, तो उंबऱ्यात थांबला. “दादा, आमाला हौस हाय का? त्या दिवशी मी शेतात असतो तर? सांगा ना, काय झालं असतं?”

“मी काय म्हणलो का तुला?”

“म्हणत न्हाईत, तेच तर.”

किशनरावांनी पुढची सोंड गोधडीत घेतली. मग म्हणाले, “एक ऐका माझं. महालक्ष्म्याची खोली आज मी वढून देतो. हत्तिणीनं. तेवढी एक फेरी होऊ द्या तिची. मग घाला खोक्यात.”

“होऊ द्या की,” महारुद्राची बायको वैष्णवी स्वयंपाकघरातून पटकन म्हणाली. सासऱ्यांच्या बाजूनं घरात उघड बोलणारी ती एकटीच. काळीनं गाद्या साफ करायला ती त्यांच्याकडूनच शिकली होती. “आत्याबाई, सांगा ना यांना.”

धुरपताबाई पुरणाला चटका देत होत्या. “खटका महारुद्र लावंल,” त्या म्हणाल्या. “बाकी करा काय करायचं ते.”

पण करायचं ठरलं आणि लाईट गेली. दुपार कलली तरी येण्याचं नाव नाही. धुरपताबाईंची धाकटी जाऊ कमलबाई मुखवट्यांना काजळ-कुंकू करायला आली होती. तिनं दोनदा दारात जाऊन खांबाकडं बघितलं. “दिवेलागण व्हायच्या आत महालक्ष्म्या घरात आल्या पायजेत, बाई. तुमच्या उलट्या फुंकणीसाठी देव ताटकळायचे न्हाईत.” मग वैष्णवीनं खोली केरसुणीनंच झाडून घेतली. तिनं आणि तिच्या लेकीनं, भक्तीनं, रांगोळीचे डबे घेतले आणि तुळशीपासून थेट आतल्या खोलीपर्यंत लक्ष्मीची पावलं काढत नेली. जोडीजोडीनं, पाचही बोटं रेखून. पोरीचा हात सुरेख होता. महारुद्रानं गेल्या साली घातलेल्या दुधी टाईल्सवर पांढरी पावलं उमटली. त्यांच्यावर हळदकुंकू वाहायचं म्हणून दोघी करंडा आणायला आत वळल्या, आणि तेवढ्यात लाईट आली.

महारुद्र अंगणात खोके बांधत होता. त्याला हाक मारायचीही किशनरावांना उसंत नव्हती. इतका वेळ हत्तीण घेऊन ते बैठकीच्या कोपऱ्यात बसून होते, लाईट पुन्हा जायच्या आत त्यांना आपली फेरी करून घ्यायची होती.

हत्तिणीचा आवाज धुरपताबाईंनी चुलीपाशी ऐकला. हा आवाज त्यांना पाठ होता. आधी घुमते, मग दम धरते, मग सोंडेला काही लागलं की स्वर चढतो. नुसती धूळ असेल तर गिळल्यासारखा, दाणा असेल तर टणटण. आज नळीत चर्रर्र असा आवाज उठला, बारीक खड्याचा, एकसारखा. खोलीत आत्ताच केरसुणी फिरली होती. मग हे खडे कुठले? उलथणं हातातच घेऊन त्या धावल्या.

बैठकीत पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. आतल्या खोलीपासून किशनराव मागं मागं सरत आले होते, नेटकं, एक हात इकडं, एक हात तिकडं, आणि त्यांच्यापुढची सगळी जमीन लख्ख होती.

“अगं माय!” कमलबाईनं कपाळावर हात मारला. “लक्ष्मीचे पाय गिळले की हो ह्यांनी!”

महारुद्र धावत आला, त्यानं खटका बंद केला. हत्तीण हुंकार देत थांबली. भक्ती रडकुंडीला आलेली. किशनराव सोंड हातात घेऊन सगळ्यांच्या आवाजाकडं तोंड फिरवत होते.

“काय झालं? काय झालं काय?”

“पावलं, आबा! लक्ष्मीची पावलं!”

“कुठली पावलं?”

त्यांच्या अंगठ्यापुढं वीतभर अंतरावर सोंडेतून सुटलेली एक जोडी तेवढी शिल्लक होती. पाचही बोटं रेखलेली. किशनरावांनी खाली बघितलं, अगदी तिच्यावरच बघितलं, आणि पुन्हा विचारलं, “कुठं हायेत?”

या माणसाला दिसत नव्हतं. समोरचं, पायाशी असलेलं दिसत नव्हतं. मग एकामागून एक सगळंच त्यांच्या ध्यानात येत गेलं. तांब्या घ्यायला जाणारा हात आधी चाचपायचा. पेपर भक्तीकडून वाचून घ्यायचा, तिचा आवाज गोड लागतो म्हणून. आणि काळीची ती उघडी वायर. काळीनं काही केलं नव्हतं. वायर यांना दिसलीच नव्हती.

“आता तरी पटलं का, माय?” हरिओम चढ्या आवाजात बोलत होता. रागापेक्षा त्यात भीतीच जास्त होती. “दादांना भान राहत नाही. आज रांगोळी गेली, उद्या आणखी काही होईल. मी त्या माणसाला फोन करतो, टेम्पो उद्याच पाठव म्हणतो.”

“सणाच्या दिशी असं व्हायला न्हाई पायजे होतं,” कमलबाई पुटपुटली. “आलेली लक्ष्मी पुसली म्हंजी काय.”

किशनरावांनी सोंड खाली ठेवली, हळूच, पाय लागू नये अशी. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “घिऊन जा. उद्या न्या, न्हाईतर आज न्या. माझं काय म्हणणं न्हाई.”

एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस एवढ्या जणांपुढं ‘चुकलं’ म्हणाला नव्हता. धुरपताबाईंना तो शब्द सहन झाला नाही. डोळ्यांचं आत्ता बोलावं, तर पोरं म्हणतील बघ, आम्ही म्हणतच होतो. न बोलावं, तर म्हातारा बावचळला असं सगळ्यांच्या मनात बसेल. काय बोलायचं हे ठरायच्या आत त्या बोलून गेल्या.

“हरिओम, फोन खाली ठिव. मला एक सांग, पावलं कुठनं आली होती?”

“तुळशीपासून.”

“उंबरा वलांडून घरात आली होती का न्हवती?”

“आली होती, पण—”

“मंग आता कुठं हायेत?”

हरिओमनं हत्तिणीकडं बोट केलं.

“केरसुणीनं झाडली असती तर उकिरड्यावर गेली असती. गेली का? न्हाई. हिनं वढली ती आत वढली. लक्ष्मी घरात आली आन् हिच्या पोटात जाऊन बसली.” धुरपताबाईंनी उलथण्यानं मशीन दाखवली. “आन् तू तिला टेम्पोत घालून हैद्राबादला धाडायलास व्हय? हाटेलात टांगायला? चार लोकात सांगून बघ, भाऊ. म्हणावं, आमी आमची लक्ष्मी बाजारात दिली.”

देवाच्या कामात थोरल्या जावेच्या मागं राहणं कमलबाईला कधी जमलेलं नव्हतं. ती आधी भानावर आली. “हे मातर खरं हाय,” ती म्हणाली. “मी तेच म्हणायले होते.”

“आत्याबाई, मग ह्या वर्षी पिशवी खाली करायची न्हाई,” वैष्णवीनं लगेच धागा धरला.

हरिओम नोकरीत गिऱ्हाइकं पटवणारा माणूस. त्यानं दुसरी वाट काढली. “बरं, हत्तीण राहू दे. मान्य. बाकीच्या सहा जाऊ द्या. त्यांच्या पोटात तर काही नाही?”

“महालक्ष्मी कधी एकटी येती का रे? थोरली येती, धाकटी येती, संग त्यांची पिल्लं येत्यात. सातजणी इतकी वर्षं एका खोलीत नांदल्या. मी नांदवल्या. बहिणी-बहिणीची ताटातूट ह्या घरात व्हायची न्हाई.”

हरिओमनं भावाकडं पाहिलं. महारुद्र डोकं खाजवत होता. “माझ्याकडं काय बघतोस? माझी बायको केव्हाच तिकडं गेली.” मग त्याचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. “पण माय, झटक्याचं काय? मला रात्री झोप लागत न्हाई.”

हा प्रश्न खरा होता, आणि धुरपताबाईंनी त्याला खरंच उत्तर दिलं. “वायरी समद्या नव्या. तू सवता बसून घालायच्या. खटका तू लावायचा, न्हाईतर वैष्णवीनं. त्यांनी नुसती सोंड धरायची. मंजूर हाय का, ओ?”

“मंजूर,” किशनराव इतक्या घाईनं म्हणाले की भक्तीला हसू फुटलं.

हरिओम फोन घेऊन ओसरीवर गेला, पण पलीकडच्या माणसाचा आवाज खणखणीत होता, तो आतपर्यंत आला. “अरे, ऐसा क्या निकला जी मशीन में?”

हरिओमनं मागं वळून आईकडं बघितलं. “लक्ष्मी निकली,” तो म्हणाला.

“तो फिर बेचते कायकू? रख लेव!”

त्यावर मात्र हरिओमही हसला, आणि खोके पुन्हा सोडायला महारुद्राच्या शेजारी जाऊन बसला.

ऊन उतरत चाललं होतं. वैष्णवीनं पुन्हा रांगोळीचा डबा उचलला, तशी धुरपताबाईंनी तिचा हात धरला. “पांढरी नको. कुंकवाची काढ. मोठी काढ, ढळढळीत.”

“कुंकवाची? आपल्यात तर—”

“काढ म्हणते ना.”

वैष्णवीनं सासूकडं बघितलं, मग सासऱ्यांकडं. तिनं पुढं काही विचारलं नाही. देवघरातला कुंकवाचा अख्खा डबा घेऊन ती तुळशीपाशी बसली.

कमलबाईनं ताटलीवर पळी वाजवायला सुरुवात केली. वैष्णवी आणि राजेश्री, हरिओमची बायको, एकेक मुखवटा छातीशी धरून अंगणातून निघाल्या. “कोण आलं?” “महालक्ष्मी आल्या!” “कशाच्या पावलानं?” “धनधान्याच्या पावलानं!” भक्ती सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. पुढं समई घेऊन किशनराव चालले होते. दर वर्षी ते तरातरा चालायचे आणि बायका मागून ओरडायच्या. या वर्षी ते जपून, पावलांच्या कडेकडेनं पाय टाकत होते, आणि एकाही पावलाला त्यांचा धक्का लागला नाही. धुरपताबाई त्यांच्या पायांकडंच बघत होत्या.

महालक्ष्म्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मागं भिंतीला लागून सातही मशिनी पुन्हा ओळीनं बसल्या, हत्तिणीला कमलबाईनं आपणहून हळदकुंकू लावलं. मंडळी फुलोऱ्याचं बघायला स्वयंपाकघरात गेली. खोलीत दोघंच उरली.

“किती दिस झाले?” धुरपताबाईंनी विचारलं.

“कशाला?”

“मला येडी करू नका.”

किशनरावांनी समईची वात सारखी केली. आधी बोट ज्योतीच्या अंमळ बाजूला गेलं, मग जागेवर आलं. “संक्रांतीपसून,” ते म्हणाले. “धुकं पडल्यावानी वाटतं. सांगितलं असतं तर पोरांनी तवाच मशिनी उचलल्या असत्या.”

“आन् तुमी जिवावर उदार झालात. मशिनीपायी.”

“त्येच्यापायी न्हाई गं. त्या गेल्यावर मी दिसभर करू काय?”

धुरपताबाईंना रागवायचं होतं ते राहून गेलं. “विसर्जन झालं की परभणीला जायचं,” त्या म्हणाल्या. “डोळ्याच्या दवाखान्यात. पोरास्नी मी सांगते, तुमी काय बोलू नका.”

“एवढं काय झालं न्हाई. कामापुरतं दिसतं समदं.” किशनराव त्यांच्याकडं वळून हसले. “आता तू दिसायलीस का न्हाई? नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं. लय झाक दिसायलीस.”

दर वर्षी महालक्ष्म्यांना त्या हिरवंच नेसत आल्या होत्या. या वर्षी राजेश्रीनं पुण्याहून नवं आणलं होतं, सकाळपासून घरातल्या बाईमाणसांनी त्याचा पदर हातात धरून बघितला होता, कमलबाईनंसुद्धा.

“जांभळं हाय,” धुरपताबाई म्हणाल्या.

किशनरावांनी हात पुढं केला, चाचपत पदराचा काठ धरला आणि डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ धरून ठेवला.

“कधी म्हणलीस,” त्यांनी विचारलं, “परभणीला?”